‘असेंडन्स ऑफ अ बुकवर्म’ कुठून सुरू करायचं? नव्या वाचकांसाठी मार्गदर्शक

कुणाच्या तरी तोंडून ‘बुकवर्म’ या जपानी कादंबरीमालिकेचं नाव ऐकायचं, उत्साहाने शोधायला बसायचं आणि अर्ध्या तासात डोकं धरायचं, हे बहुतेकांचं होतं. वेब नॉव्हेल (इंटरनेटवर आलेली मूळ कादंबरी) वेगळी, लाइट नॉव्हेल (तिची सचित्र पुस्तकं) वेगळी. मांगाच्या, म्हणजे जपानी चित्रकथेच्या, निरनिराळ्या मालिका एकाच वेळी चालू. ॲनिमेचे, म्हणजे जपानी ॲनिमेशन मालिकेचे, सीझन, त्यात मध्येच एक साडेचौदावा एपिसोड. शिवाय प्रत्येक पुस्तकावर ‘पार्ट’ आणि ‘व्हॉल्यूम’ असे दोन-दोन आकडे. त्यात सल्ले देणारेही भरपूर. ‘पहिला भाग संथ आहे, सोडून दे, जादू पुढे आहे’ असं सांगणारा हमखास भेटतो. त्याचं ऐकू नका. का, ते चौथ्या पायरीत सांगतो.

आधी मूळ माहिती. जपानी नाव ‘होन्झुकी नो गेकोकुजो’. लेखिका मिया काझुकी, चित्रं यू शिइना यांची. ही कादंबरी सप्टेंबर २०१३ ते मार्च २०१७ या काळात ‘शोसेत्सुका नि नारो’ या जपानी संकेतस्थळावर प्रकरणाप्रकरणाने येत होती, एकूण ६७७ प्रकरणं. टीओ बुक्स या प्रकाशनाने ती जानेवारी २०१५ पासून पुस्तकरूपात काढली. डिसेंबर २०२३ मध्ये ३३वा खंड आला आणि मुख्य कथा संपली. संपली, हे महत्त्वाचं. लाइट नॉव्हेलच्या दुनियेत वर्षानुवर्षं अर्धवट लटकलेल्या मालिकांची कमतरता नाही. इथे निदान ती भीती नाही.

१. ही गोष्ट आपल्यासाठी आहे का, ते ठरवा

उरानो मोतोसु ही पुस्तकवेडी मुलगी. ग्रंथपालाची नोकरी नुकतीच ठरलेली असताना भूकंपात अंगावर पुस्तकं कोसळून ती मरते आणि एरेनफेस्ट नावाच्या शहरात माइन या पाच वर्षांच्या मुलीच्या शरीरात जागी होते. बाप गुंथर शहराच्या वेशीवरचा शिपाई, आई एफा कपडे रंगवण्याच्या कामावर, मोठी बहीण तूली. घरात पुस्तक नाही. शेजारी नाही, गल्लीत नाही. पुस्तकं कातडी कागदाची, हाताने लिहिलेली आणि सरदार-उमरावांच्या घरी. माइनचा देह इतका दुबळा की घराचा जिना उतरताना धाप लागते. मग ती ठरवते की वाचायला पुस्तक मिळत नसेल, तर आपणच करायचं.

‘इसेकाई’, म्हणजे दुसऱ्याच जगात जाऊन पडलेल्या माणसाची गोष्ट, म्हटलं की तलवार, राक्षस आणि सगळ्यांना लोळवणारा नायक डोळ्यांसमोर येतो. इथे पहिले तीन खंड कागद, शाई, केसांचा शाम्पू, विणलेली फुलं आणि व्यापाऱ्याशी घासाघीस यांत जातात. लढाया येतात, पण बऱ्याच पुढे. वस्तू कशी बनते, तिची किंमत कोण ठरवतं आणि तिच्यामुळे कोणाच्या पोटावर पाय येतो, याची गंमत वाटत असेल तर ही मालिका तुमची. दर वीस मिनिटांनी मारामारी हवी असेल, तर इथेच थांबलात तरी चालेल.

मुलांना दाखवावं का, असं पालक विचारतात. माइनचं गोंडस चित्र बघून फसू नका. पहिल्याच खंडात हिवाळ्याच्या बेगमीसाठी डुक्कर कापण्याचा प्रसंग आहे. पुढे बालमृत्यू आहेत, अनाथाश्रमातली उपासमार आहे, मोठ्यांनी अनाथ मुलींचा केलेला वापर सूचकपणे आलेला आहे. ॲनिमेत हे बरंच सौम्य केलंय. बारा-तेरा वर्षांच्या मुलांना मोठ्यांसोबत ॲनिमे दाखवायला हरकत नाही, पुस्तकं मात्र आधी स्वतः चाळून मग द्या.

२. हाताशी काय काय लागेल

- इंग्रजी वाचनाची बऱ्यापैकी सवय. अनुवादाची भाषा सोपी आहे, शब्दकोश फारसा लागत नाही. अडचण होते ती नावांची.
- फोन किंवा टॅबवर ई-पुस्तकं वाचायचं ॲप. किंडलसारखं काळं-पांढरं ई-रीडर असेल तर मजकूर उत्तम दिसतो, पण सुरुवातीची रंगीत चित्रं राखाडी होतात. ती एकदा फोनवर उघडून बघा.
- ॲनिमेसाठी क्रंचीरोल या स्ट्रीमिंग सेवेची वर्गणी.
- परदेशी व्यवहार चालू असलेलं कार्ड. आपल्याकडे नवीन कार्डावर ही सोय मुळात बंद असते, बँकेच्या ॲपमध्ये जाऊन चालू करावी लागते. ‘पेमेंट फेल’ दिसलं की आधी हेच तपासा. डॉलरमध्ये खरेदी केलीत, तर बँक वर थोडं परकीय चलन शुल्क लावते, तेही हिशेबात धरा.
- एक वही. हसू नका. तिसऱ्या भागापासून लागेल.

३. आकड्यांचा घोळ आधी सोडवून घ्या

मालिकेचे पाच भाग आहेत आणि प्रत्येक भागाचे खंड पुन्हा एकपासून मोजले जातात:

- पहिला भाग: ३ खंड
- दुसरा भाग: ४ खंड
- तिसरा भाग: ५ खंड
- चौथा भाग: ९ खंड
- पाचवा भाग: १२ खंड

म्हणजे ‘पार्ट २ व्हॉल्यूम १’ हे एकूणातलं चौथं पुस्तक. ‘व्हॉल्यूम ४’ एवढंच वाचून मागवलंत, तर भलतंच पुस्तक येईल.

पाचही भागांना उपशीर्षकं आहेत, ती मी मुद्दाम देत नाही. पहिलं ‘सैनिकाची मुलगी’ एवढं ठीक. पुढच्या प्रत्येक शीर्षकात माइन त्या भागात कोण होणार हे सरळ छापलेलं आहे. लेखिकेला त्यात काही लपवायचं नसावं, कारण मजा ‘काय होतं’ यापेक्षा ‘कसं होतं’ यात आहे. तरीही कोऱ्या पाटीने वाचायचं असेल, तर दुकानाच्या पानावर खाली खाली जाऊन सगळी मुखपृष्ठं बघत बसू नका. एकदा एक पुस्तक घ्या आणि बाहेर पडा.

सगळ्यात जास्त पैसे वाया जातात ते इथे: मांगा आणि कादंबरी यांची नावं जवळपास सारखी आहेत. दोन्हींवर ‘पार्ट १ व्हॉल्यूम १’ असतं. मांगाच्या नावात कंसात ‘मांगा’ लिहिलेलं असतं, ते नजरेतून सुटतं. विकत घेण्याआधी पानांची संख्या आणि लेखकाच्या जागी कोणाकोणाची नावं आहेत ते बघा. चित्रकार म्हणून यू शिइना असतील, तर ती कादंबरी. पहिल्या भागाच्या मांगाची चित्रं सुझुका यांची आहेत.

इंग्रजी अनुवाद जे-नॉव्हेल क्लबचा आहे, सगळे ३३ खंड आलेले आहेत. किंडल, कोबो, बुकवॉकर अशा ठिकाणी ई-पुस्तकं मिळतात. छापील इंग्रजी आवृत्तीही निघते, पण ती ई-पुस्तकांच्या मागून येते, आणि ३३ जाडजूड पुस्तकांना कपाटात जागा लागते याचाही विचार करा.

वेब नॉव्हेलचे हौशी अनुवाद इंटरनेटवर तुकड्यातुकड्यांनी सापडतात. त्या वाटेला जाऊ नका. हक्कांचा प्रश्न आहेच, पण वाचक म्हणूनही तोटा होतो. पुस्तक करताना लेखिकेने बरीच भर घातली आहे, इतरांच्या नजरेतून लिहिलेली कितीतरी प्रकरणं नव्याने आली आहेत. अर्धं वेबवर आणि अर्धं पुस्तकात वाचलंत, तर नावांची स्पेलिंगंही जुळत नाहीत.

४. पहिला भाग वगळू नका

‘दुसऱ्या भागापासून सुरू करा, तिथे गोष्ट वेग घेते’ हा सल्ला देणारे लोक वाईट नसतात, घाईत असतात.

पहिल्या खंडात माइन आधी गवताच्या धाग्यांपासून पपायरससारखं काहीतरी विणायला बसते. बोटभर तुकड्याला एवढा वेळ लागतो की तो नाद सोडावा लागतो. मग मातीच्या पाट्या. त्या आधी इतर मुलांच्या पायाखाली जातात आणि पुन्हा करून भाजायला ठेवल्यावर फुटतात. मग लाकडाच्या पट्ट्यांवर लिहायचं ठरतं, तर आई त्या सरपण समजून चुलीत घालते. आईची काही चूक नाही, तिच्या दृष्टीने ती लाकडंच. अपयशांची ही रांग बऱ्याच वाचकांना कंटाळवाणी वाटते. पण माइनला ज्ञान आहे आणि हात नाहीत, ताकद नाही, पैसा नाही, अवजारं नाहीत, हे याच पानांत मुरतं. जपानमध्ये वाचलेलं सगळं आठवणारी मुलगी कढई विकत घेऊ शकत नाही.

मग लुट्झ येतो. शेजारचा, तिच्याच वयाचा, भुकेला मुलगा. झाड तोडणं, साल काढणं, ओझं वाहणं हे तो करतो, तिच्याकडे फक्त कृती. कोवळ्या फांद्या वाफवून साल सोलायची, वरचा काळा थर खरवडायचा, आतली साल राखेच्या पाण्यात उकळायची, धुवायची, कुटून धागे सुटे करायचे, पाण्यात चिकट द्रव मिसळून जाळीदार चौकटीवर पातळ थर उचलायचा, दाबून पाणी काढायचं आणि फळीवर वाळवायचं. जपानमध्ये हाताने ‘वाशी’ कागद करायची ही खरी रीत आहे, तिथे त्यासाठी कोझो नावाच्या झुडपाची साल वापरतात. लेखिकेने झाडांची नावं बदलली, प्रक्रिया खरी ठेवली. ही प्रकरणं सावकाश वाचा. पुढे तीस खंडभर जी उलथापालथ होते तिचं मूळ या चौकटीत आहे.

आणि कागद तयार झाला म्हणजे काम झालं असंही नाही. बेन्नो नावाचा व्यापारी मधे येतो, करार होतात, नफ्याची वाटणी ठरते. मग कातडी कागद बनवणाऱ्यांचा संघ उभा ठाकतो, कारण स्वस्त कागदाने त्यांचा धंदा बुडणार. तडजोड काय होते ते सांगत नाही, पण धंद्याचं राजकारण इतकं बारकाईने मांडणारी दुसरी फँटसी मला तरी माहीत नाही.

या भागात आणखी एक गोष्ट अनेकांना खुपते: माइन स्वार्थी वाटते. घरच्यांबद्दल तिला सुरुवातीला फारसं काही वाटत नाही, डोक्यात फक्त पुस्तक. हे लेखिकेच्या हातून निसटलेलं नाही. एक परकी बाई त्या घरात राहायला आली आहे, आणि ती त्या घरची कधी होते हे बघायचं असेल तर आधीचा कोरडेपणाही वाचावा लागतो. पहिला भाग वगळणाऱ्याला दुसऱ्या भागाचा शेवट अर्धाच कळतो.

५. ॲनिमे आधी की पुस्तक आधी?

माझं मत: पहिले दोन-तीन एपिसोड बघून चव घ्या, आवडलं तर पहिल्या खंडाकडे वळा आणि ॲनिमे वाचनाच्या मागे मागे बघा. पण पुस्तकांची सवय नसेल, तर आधी सगळा ॲनिमे बघूनही चालतं. हिशेब असा:

- पहिला सीझन, १४ एपिसोड, ऑक्टोबर ते डिसेंबर २०१९: पहिल्या भागाचे तिन्ही खंड
- दुसरा सीझन, १२ एपिसोड, एप्रिल ते जून २०२०: दुसऱ्या भागाचे खंड १ आणि २
- तिसरा सीझन, १० एपिसोड, एप्रिल ते जून २०२२: दुसऱ्या भागाचे खंड ३ आणि ४

हे तिन्ही सीझन अजिया-दो या स्टुडिओचे, दिग्दर्शक मित्सुरु होंगो. माइनचा आवाज युका इगुची यांचा, आणि मुख्य पुजारी फर्डिनांडचा शो हायामी यांचा. हायामींचा तो खालच्या पट्टीतला थंड स्वर एकदा कानात बसला की पुस्तक वाचतानाही फर्डिनांड त्याच आवाजात बोलतो.

साडेचौदावा एपिसोड म्हणजे पहिल्या आणि दुसऱ्या सीझनच्या मधला, दोन छोट्या गोष्टींचा खास एपिसोड. नाही बघितला तरी काही अडत नाही.

पहिल्या एपिसोडची सुरुवात पुढे घडणाऱ्या एका प्रसंगाने होते. कोण कुठे बसलंय, डोक्याला काय लावलंय, काही कळत नाही. आपला एपिसोड चुकला असं समजून मागे-पुढे शोधू नका, जाऊ द्या.

चौथा सीझन विट स्टुडिओकडे गेला आणि एप्रिल २०२६ साठी जाहीर झाला. तो तिसऱ्या भागावर आहे. त्याचं नावच एक मोठा रहस्यभेद आहे, तेव्हा आधीचे ३६ एपिसोड होईपर्यंत त्याची जाहिरात समोर आली तर पटकन पुढे सरकवा.

ॲनिमेत काय गळतं? मुख्यतः हिशेब. तीन खंड चौदा एपिसोडांत बसवायचे म्हटल्यावर बेन्नोशी होणारी घासाघीस, करारांच्या अटी, माइनच्या चुकीच्या अंदाजांची साखळी हे सगळं आटतं. उलट काही गोष्टी पडद्यावरच खुलतात. सातव्या वर्षीच्या दीक्षाविधीत पुजारी हात वर करून, एक पाय उचलून प्रार्थना करतात आणि माइनला हसू आवरत नाही, कारण तिला ती ओसाकातल्या ग्लिको या मिठाई कंपनीच्या पळणाऱ्या माणसाच्या फलकासारखी दिसते. हे वाचून स्मित येतं, बघून खदखदून हसायला येतं.

३६ एपिसोड बघून पुस्तकाकडे येणाऱ्यांनी नियमाने तिसऱ्या भागाच्या पहिल्या खंडापासून सुरू करावं, गोष्ट तिथूनच पुढे जाते. तरी जमलं तर एकपासूनच वाचा. खर्च सात पुस्तकांचा वाढतो, हे खरं.

६. खंड कसा वाचायचा

प्रत्येक खंडाची मांडणी ठरलेली आहे आणि ती माहीत नसेल तर लोक महत्त्वाची पानं गाळतात.

सुरुवातीला एक प्रस्तावनाप्रकरण असतं, ते बहुधा दुसऱ्याच कुणाच्या नजरेतून. मग मुख्य मजकूर, माइनच्या तोंडून. मग उपसंहार, पुन्हा दुसऱ्याच्या नजरेतून. त्यानंतर एक-दोन लघुकथा. शेवटी लेखिकेचं मनोगत आणि यू शिइनांच्या चार चौकटींच्या गमतीदार पट्ट्या.

उपसंहार आणि लघुकथांना ‘जास्तीचं’ समजू नका. माइन निवेदक म्हणून अजिबात भरवशाची नाही. खोटं बोलते म्हणून नव्हे, तिचं लक्षच नसतं. पुस्तक दिसलं की समोरच्या माणसाच्या चेहऱ्यावर काय उमटलं हे तिच्या निवेदनात येतच नाही. ती एका वाक्यात उरकते तो प्रसंग तूलीच्या किंवा बेन्नोच्या बाजूने वाचला की कळतं, समोरच्याची काय अवस्था झाली होती. निम्मा विनोद आणि बरंचसं दुःख या पानांत आहे.

वेळेचीही सवय करून घ्या. त्या जगात घड्याळ नाही, मंदिराच्या घंटा आहेत, आणि ‘तिसऱ्या घंटेला भेटू’ असं बोलतात. वारांची नावं जलवार, अंकुरवार, अग्निवार अशा धर्तीवर आहेत आणि सुट्टी मातीच्या वारी. सातव्या वर्षी दीक्षा आणि उमेदवारी, पंधराव्या वर्षी सज्ञान. हे तीन-चार आकडे लक्षात असले की कुणाचं वय काय, हे सारखं मागे जाऊन बघावं लागत नाही.

७. तिसऱ्या भागापासून वही काढा

इथून पात्रं वाढतात. नुसती वाढत नाहीत, फुटतात. जर्मन वळणाची लांबलचक नावं, प्रत्येकाचं घराणं, प्रत्येकाचा गट. खंडाच्या सुरुवातीला पात्रांची यादी दिलेली असते, तिच्यावर खूण करून ठेवा. वहीत मात्र एवढंच लिहा: कोण कोणाच्या सेवेत आहे आणि कोण कोणाच्या बाजूचं आहे. केसांचा रंग लिहीत बसलात तर वही भरेल आणि हाती काही लागणार नाही.

चौथ्या भागात नऊ खंडांचं विद्यालयीन जीवन येतं. पहिल्या तीन भागांतली कष्टकरी गल्ली आवडलेल्यांना इथे थोडं परकं वाटतं. मलाही वाटलं. जुन्या माणसांच्या भेटी विरळ होतात आणि त्या विरळ होण्याचा सल माइनलाही आहे. दोन खंड कळ काढा, तिच्या पुस्तकछपाईने उमरावांच्या वर्तुळात काय हालचाल केली हे दिसायला लागतं.

या टप्प्यावर सगळ्यात मोठा सापळा म्हणजे फॅन विकी, चाहत्यांनी लिहिलेला मालिकेचा ऑनलाइन कोश. ‘हा कोण होता बरं?’ म्हणून नाव टाकायचं आणि पहिल्याच ओळीत त्याचं पुढचं पद, लग्न किंवा मरण वाचायचं. मुख्य पात्राचं पानसुद्धा तिच्या पुढच्या नावाने आहे. शंका आलीच तर ई-पुस्तकातच ते नाव शोधा, ते आधी कुठे आलं होतं तेवढंच दिसेल. व्हिडिओंखालच्या प्रतिक्रियाही वाचू नका.

८. बाजूची पुस्तकं कधी वाचायची

मुख्य ३३ खंडांशिवायही बरंच काही आहे, आणि ते कधीही उचललं तर घात होतो.

विद्यालयाच्या पहिल्या वर्षाच्या गोष्टींचा एक वेगळा खंड आहे, त्यात तेच प्रसंग इतर मुलांच्या नजरेतून येतात. चौथ्या भागातलं पहिलं वर्ष संपलं की तो घ्या. लघुकथासंग्रह चौथा भाग पूर्ण झाल्यावर. फॅनबुकांत वाचकांच्या प्रश्नांना लेखिकेने दिलेली उत्तरं असतात. ती फार रंजक आहेत, पण कुठल्या उत्तरात पुढचं काय फुटेल याचा नेम नाही, म्हणून शेवटी.

मांगा चवीपुरता वाचायचा तर पहिला भाग घ्या, सात खंडांत पूर्ण आहे, आणि कागदाच्या चौकटी, पिळणी, अवजारं प्रत्यक्ष कशी दिसतात हे त्यात सगळ्यात छान कळतं. पुढच्या भागांचे मांगा वेगवेगळ्या चित्रकारांनी समांतर काढायला घेतले. त्यामुळे दुकानात दुसऱ्या, तिसऱ्या आणि चौथ्या भागाचे खंड शेजारी शेजारी दिसतात. नवीन कुठला आला हे बघून उचलू नका, भागाचा आकडा बघा.

राहता राहिली हॅनेलोरे या विद्यार्थिनीची मालिका, म्हणजे विद्यालयातल्या तिच्या पाचव्या वर्षाची कथा. ती मुख्य कथेनंतर घडते आणि ३३व्या खंडाचा शेवट तुम्हाला माहीत आहे असं धरूनच सुरू होते. नमुन्याची फुकट पानंही आधी उघडू नका.